पंचविशीत आखलेली रेषा पंचावन्नाव्या वर्षी कशी दिसेल?

केशरोपणाने डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. मागचे केस मुळासकट उचलून पुढे लावले जातात, एवढंच. वाक्य साधं आहे, पण ते पुरतं गळी उतरलेलं नसतं, म्हणून पुढचे बरेच घोटाळे होतात. सल्ला घ्यायला आलेल्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: कपाळ झाकलं जाईल ना? जाईल. तेवढं काम बऱ्याच ठिकाणी होतं. अवघड आहे ते त्यानंतरचं. मागे साठा किती आहे, टक्कल अजून कुठवर सरकणार आहे आणि येत्या तीस वर्षांत या दोघांचा मेळ कसा घालायचा, हे ठरल्याशिवाय कपाळावर मार्कर टेकवायलाच नको.

लावलेले केस टिकतात, अडचण तीच

पुरुषांमधलं नेहमीचं टक्कल हे मुख्यतः डीएचटी या संप्रेरकाचं काम. ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवतं. ज्या मुळांना आनुवंशिकतेमुळे हे संप्रेरक सोसत नाही, ती हळूहळू आक्रसत जातात. केस एका रात्रीत जात नाही. वाढीच्या प्रत्येक फेरीत तो आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातल्या मुळांवर मात्र डीएचटीचा फारसा जोर चालत नाही. म्हणून तर पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही मागे केसांची झालर असते.

ही सहनशक्ती जागेची की मुळाची? न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचं उत्तर दिलं. ती मुळाची असते. मागचं मूळ पुढे नेऊन लावलं तरी ते मागच्यासारखंच वागत राहतं. आजचं सगळं केशरोपण या एका निरीक्षणावर उभं आहे.

पण त्या काळातली पद्धत ओबडधोबड होती. सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचे, केसांनी भरलेले त्वचेचे गोल तुकडे काढून ओळीने बसवले जात. सुरुवातीला ते खपून जायचे, कारण आजूबाजूला माणसाचे स्वतःचे विरळ केस असायचे. दहा-पंधरा वर्षांनी ते स्वतःचे केस गेले आणि बाहुलीच्या डोक्यावर टोचावेत तसे झुबके तेवढे ओळीत उभे राहिले. गंमत बघा, शस्त्रक्रिया अयशस्वी झाली म्हणून ही माणसं वाईट दिसली नाहीत. लावलेले केस ठरल्याप्रमाणे जगले, म्हणून वाईट दिसली.

नंतर तंत्र फार सुधारलं. केस त्वचेतून सुटे-सुटे येत नाहीत, एक ते चार केसांच्या नैसर्गिक गटांनी येतात, हे १९८४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासातून स्पष्ट झालं, आणि १९९०च्या दशकात हे गट जसेच्या तसे उचलून लावायला सुरुवात झाली. ग्राफ्ट म्हणतात तो असा एक गट. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोनाहून थोडे जास्त केस धरतात, म्हणजे २,००० ग्राफ्ट हे साधारण ४,००० ते ४,५०० केस झाले. जाहिरातीत कधी केस मोजतात, कधी ग्राफ्ट. कोणता आकडा आपल्या तोंडावर फेकला जातोय, हे पहिल्यांदा विचारून घ्यावं.

झुबके गेले, पण चूक गेली नाही. ती फक्त दिसायला सुबक झाली. आजचा नमुना असा: चोवीस वर्षांचा मुलगा, कोपऱ्यांत केस जरासे मागे गेलेले. त्याला शाळेतल्या फोटोतली सरळ, खाली आलेली, गच्च हेअरलाइन, म्हणजे कपाळावर केस सुरू होतात ती रेषा, हवी असते. ती त्याला मिळतेही. दोन-तीन वर्षं तो खूश असतो. मग लावलेल्या पट्टीच्या मागचे त्याचे मूळचे केस ठरलेल्या गतीने जातात, आणि पुढे दाट कुंपण, मागे मोकळं मैदान असं डोकं उरतं. ते भरायला आता साठा नाही, कारण तो कुंपणात गेला.

आडात किती, पोहऱ्यात किती

आकडे मांडून बघू. हे हिशोबापुरते गोल आकडे आहेत, प्रत्येक डोक्यावर ते वेगळे निघतील.

मागच्या सुरक्षित पट्ट्यात दर चौरस सेंटीमीटरला साधारण ६५ ते ८५ गट असतात. मागचा भाग उघडा पडू न देता त्यातले निम्म्याहून बरेच कमी काढता येतात. सामान्य माणसाच्या बाबतीत आयुष्यभरात मिळून ५,००० ग्राफ्ट धरू. कोणाला याहून जास्त मिळतात, कोणाला बरेच कमी. आता टक्कल. टक्कल कितपत पुढे गेलंय हे मोजायला हॅमिल्टन या संशोधकांनी १९५१ मध्ये मांडलेली आणि नॉरवूड या डॉक्टरांनी १९७५ मध्ये सुधारलेली सात पायऱ्यांची मोजपट्टी आजही वापरात आहे. तिच्या सहाव्या पायरीवर पोचलेल्या माणसाचं उघडं डोकं साधारण २०० चौरस सेंटीमीटर धरायला हरकत नाही. ५,००० भागिले २०० म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २५. मूळ दाटपणाच्या एक तृतीयांश. सगळीकडे सारखं वाटलं तर कुठेच पुरणार नाही.

म्हणून चांगला डॉक्टर सारखं वाटत नाही. चेहऱ्याला चौकट देणाऱ्या पुढच्या ६० चौरस सेंटीमीटरला तो ४० च्या दराने २,४०० ग्राफ्ट देतो. मधल्या ८० ला २५ च्या दराने २,०००. भोवऱ्याच्या भागातल्या ६० साठी उरतात ६००, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला फक्त १०. तिथे नुसती सावली पडेल, आणि ते आधीच मान्य करून पुढे जायचं. समोरून, आरशात, फोटोत माणूस केसाळ दिसतो. मागून विरळ दिसतो, पण वयाला शोभेल असा विरळ.

याच हिशोबात हेअरलाइन एक सेंटीमीटर खाली आणायची म्हटलं तर काय होईल? रेषेची रुंदी साधारण १५ सेंटीमीटर धरली तर १५ चौरस सेंटीमीटर वाढले. ४० च्या दराने ६०० ग्राफ्ट. म्हणजे भोवऱ्यासाठी ठेवलेला सगळाच्या सगळा वाटा. कपाळावरचं एक बोट असं टाळूला पडतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू होते.

नुसत्या संख्येवर सगळं ठरत नाही, हेही खरं. केसाची जाडी फार मोठा फरक करते, कारण केसाचं आकारमान व्यासाच्या वर्गानुसार वाढतं. ८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या केसाचं आकारमान तेवढ्याच लांबीच्या ६० मायक्रॉनच्या केसाच्या पावणेदोन पटींहून जास्त भरतं. कुरळे केस सरळ केसांपेक्षा जास्त झाकतात. गोऱ्या कातडीवर काळेभोर सरळ केस असतील तर विरळपणा चटकन डोळ्यात भरतो, रंगांत फरक कमी असेल तर तो लपतो. तेवढेच ग्राफ्ट घेऊन एक माणूस झकास दिसतो आणि दुसरा जेमतेम, त्यामागे बहुतेक वेळा ही कारणं असतात. दुसऱ्याच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंवरून स्वतःचा अंदाज बांधणं म्हणूनच फसवं.

आणि मागचा पट्टा म्हणजे अक्षय्य भांडार नव्हे. काही लोकांमध्ये मानेकडून वर आणि कानांवरूनही केस विरळ होत जातात. काहींच्या डोक्यावर सगळीकडेच, मागेसुद्धा, केस बारीक होत असतात. अशा माणसाचे मागचे केस पुढे लावले तर ते पुढेही बारीकच होणार. तपासताना डॉक्टरने भिंगाच्या यंत्राने मागची त्वचा पाहायला हवी: गट किती, केस किती, त्यातले बारीक पडलेले किती. नुसतं वरवर बघून, किंवा व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून, 'तुम्हाला ४,००० लागतील' असं सांगणाऱ्याने हा तपास केलेला नसतो.

हेअरलाइन: दाटपणापेक्षा दिशा महत्त्वाची

एखाद्याचं केशरोपण पाहताक्षणी ओळखू येतं, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. खटकणाऱ्या गोष्टी ठरावीक असतात.

पहिली म्हणजे उंची. प्रौढ पुरुषाच्या हेअरलाइनचा मधला बिंदू दोन भुवयांच्या मध्यापासून साधारण ७ ते १० सेंटीमीटर वर असतो. दीर्घकाळाचा विचार करणारे डॉक्टर सहसा यातल्या वरच्या बाजूला राहणं पसंत करतात. रेषा पुढे कधीही खाली आणता येते. खाली आणलेली रेषा वर न्यायला मात्र लावलेले केस पुन्हा उपटावे लागतात, लेझरने घालवावे लागतात, आणि व्रण राहायचे ते राहतात.

दुसरी म्हणजे कोपरे. कपाळाच्या दोन्ही बाजूंना केस थोडे मागे गेलेले असणं हा पुरुषी चेहऱ्याचा भाग आहे. ते कोपरे गच्च भरून टाकले की चेहरा एकतर पोरसवदा दिसतो किंवा टोप घातल्यासारखा. पन्नाशीच्या सुरकुत्यांवर पंधरा वर्षांच्या मुलाचं कपाळ विचित्रच दिसणार. (बायकांच्या हेअरलाइनचा आकार वेगळा असतो, जास्त गोलाकार आणि बाजूंना बंद. तिथे हा नियम लावू नये.) शिवाय कोपरा भरला आणि पुढे कानशिलावरचे मूळचे केस मागे सरकले, तर लावलेला भाग बेटासारखा सुटा पडतो.

तिसरी गोष्ट खरं कसब मागते. खरी हेअरलाइन ही रेषा नसतेच. ती एक धूसर पट्टी असते. अगदी पुढे एकेकटे केस, तेही वेडेवाकडे, थोडे आत-बाहेर. त्यामागे दोन केसांचे गट, आणि आणखी मागे तीन-चार केसांचे. म्हणून पहिल्या काही ओळींत फक्त एका केसाचे ग्राफ्ट लावायचे असतात. पट्टीने आखल्यासारखी कडा निसर्गात सापडत नाही, आणि तीन केसांचा एक ग्राफ्ट सगळ्यात पुढे आला तरी तो उन्हात लगेच चमकतो.

चौथी, कोन आणि दिशा. पुढचे केस कातडीतून सरळ उभे येत नाहीत, पुढच्या बाजूला बरेच झुकून येतात. कानशिलावर ते कातडीला जवळजवळ चिकटून, खाली आणि मागे वळलेले असतात. भोवऱ्यात ते गोल फिरतात. चीर किंवा छिद्र पाडताना जो कोन दिला तोच केसाला आयुष्यभर राहतो, कंगवा फिरवून तो बदलत नाही. केस उगवले, दाटही आले, पण काट्यासारखे उभे राहिले, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा गडबड इथे झालेली असते. ही छिद्रं कोण पाडणार, डॉक्टर स्वतः की सहायक, हा प्रश्न विचारायला लाजू नये. माझ्या मते तो बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा आहे.

भोवऱ्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तरुणांचा तिथला हट्ट मोठा असतो. तिथलं टक्कल वर्तुळासारखं बाहेर पसरत जातं. आज मधोमध दाट केस लावले आणि उद्या वर्तुळ वाढलं, तर मधे केसांचा गोळा आणि भोवती उघडं कडं. शिवाय तिथले केस गोल फिरून एकमेकांपासून दूर पडतात, एकमेकांवर पडून झाकत नाहीत, त्यामुळे ग्राफ्ट जास्त खर्ची पडतात. कमी वयात भोवरा औषधांवर सोडून द्यावा आणि साठा पुढच्या भागासाठी राखावा, असं बरेच अनुभवी डॉक्टर सांगतात. मला ते पटतं.

पट्टी की ठिपके

केस काढायच्या दोन रीती आहेत. एफयूटीमध्ये मागून त्वचेची लांबट पट्टी काढून शिवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे गट सुटे करतात. व्रण एकच, आडवा, केसांखाली लपणारा, पण केस फार बारीक कापले तर दिसणारा. एफयूईमध्ये १ मिलिमीटरच्या आसपासच्या पोकळ पंचने एकेक गट वेगळा काढतात. व्रण ठिपक्यांसारखे, विखुरलेले. याला 'विनाव्रण' म्हणणं चूक आहे. कातडीला भोक पाडलं की खूण राहतेच, फक्त ती लहान असते.

दीर्घकाळाच्या दृष्टीने एफयूईचा धोका निराळा आहे. एकाच बैठकीत जास्तीत जास्त ग्राफ्ट दाखवायचे म्हणून सुरक्षित पट्ट्याच्या वर-खाली जाऊन केस काढले जातात. वरच्या भागातले केस कालांतराने गळायचेच असतात, मग तिथून काढून लावलेलेही गळतात आणि ठिपकेही उघडे पडतात. किंवा एकाच जागेतून इतके काढतात की मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. हे भरून काढायला फारसा उपाय नसतो. दाढीचे केस काही प्रमाणात वापरता येतात. ते जाड असतात, म्हणून मधल्या भागात भर घालायला ठीक, पण हेअरलाइनवर शोभत नाहीत.

गळती थांबवणं आधी

केशरोपण टकलावर उपाय करतं, टक्कल पडण्यावर नाही. मूळचे केस जातच राहिले तर कितीही ग्राफ्ट पुरणार नाहीत. म्हणून औषध हा योजनेचाच भाग आहे. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल अमेरिकेत १९८८ मध्ये केसांसाठी मंजूर झालं, आणि डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये. दोन्ही घेत असेपर्यंतच काम करतात. बंद केली की राखलेले केस पुढच्या काही महिन्यांत निघून जातात.

फिनास्टेराइडने काही पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण, मन उदास होणं असे त्रास होतात. प्रोस्टेटसाठी केलेल्या पीएसए चाचणीचा आकडाही त्याने साधारण निम्म्यावर येतो, तेव्हा ही गोळी चालू असल्याचं त्या डॉक्टरला सांगायला हवं. गर्भवती स्त्रीने तर फुटलेली गोळी हाताळूही नये. हे सगळं डॉक्टरशी बोलून ठरवायचं, दुकानातून परस्पर आणून नाही. ज्याला औषध घ्यायचंच नाही त्याचाही मान राखावा, पण मग रेषा आणखी वर आणि अपेक्षा आणखी कमी ठेवावी लागते.

वयाचा मुद्दा इथेच येतो. पंचविशीच्या आत टक्कल कुठवर जाणार हे सांगणं कठीण असतं. वडील, काका, आजोबा, मामा यांची डोकी बघून अंदाज येतो, खात्री नाही. लवकर सुरू झालेलं टक्कल बऱ्याचदा दूर जातं, म्हणजे ज्याला सगळ्यात घाई असते त्यालाच सगळ्यात जास्त थांबायची गरज असते. वर्षभर औषध घेऊन, दर काही महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढून काय होतंय ते पाहणं हा अशा वेळी फुकट गेलेला काळ नव्हे. योजना करायला लागणारी माहिती त्यातूनच मिळते.

काहींनी या वाटेला जाऊच नये. चट्टे पडून केस जाणारी चाई, आजारपण किंवा बाळंतपणानंतरची तात्पुरती गळती, त्वचेखालच्या दाहामुळे मुळं कायमची नष्ट करणारे रोग. यांत आधी निदान लागतं. दाह चालू असताना लावलेले केसही तो रोग खाऊन टाकतो. बायकांमध्ये केस बहुधा सगळ्या डोक्यावर विरळ होतात आणि मागचा साठाही कमकुवत असू शकतो, त्यामुळे त्यांच्यात रक्ततपासणी आणि त्वचेचं बारीक परीक्षण याला आणखी महत्त्व आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा घाबरवणारा टप्पाही आधी माहीत असलेला बरा. लावलेले केस पहिल्या दीड-दोन महिन्यांत बहुतेक गळून पडतात. मूळ आत शाबूत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस दिसू लागतात, वर्षभरात चित्र स्पष्ट होतं, भोवऱ्याला कधी दीड वर्ष लागतं. आजूबाजूचे स्वतःचे केसही धक्क्याने गळू शकतात. जे आधीच अखेरच्या घटका मोजत होते, ते परत येत नाहीत. त्यामुळे सहाव्या महिन्यात 'अजून दाट करा' म्हणून दुसऱ्या बैठकीची घाई करू नये.

काम झालं की एक कागद मागून घ्या. एकूण किती ग्राफ्ट काढले, त्यात एका केसाचे किती, दोनाचे किती, तिनाचे किती. कोणत्या भागातून काढले, कुठे किती लावले, आणि मागे दर चौरस सेंटीमीटरला किती गट उरले. दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या बैठकीची वेळ आली, तर त्या वेळच्या डॉक्टरला हिशोब या आकड्यांपासून सुरू करावा लागेल, आणि तो डॉक्टर दुसराच कोणी असण्याची शक्यता जास्त.